न गोठणारी बंदरे

बंदर बंद होणे म्हणजे काय, हे कोकणच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. मृगाचे ढग वर आले की मचवे ओढून किनाऱ्यावर घ्यायचे, त्यांवर झापांचे छप्पर घालायचे, आणि नारळी पौर्णिमेला दर्यात नारळ सोडीपर्यंत समुद्राकडे नुसते पाहात राहायचे, हा क्रम पिढ्यान् पिढ्या चालत आला. मुंबईहून मालवण-वेंगुर्ल्याकडे आगबोटी जात असत, तेव्हा त्यांच्याही फेऱ्या पावसाळ्यात थांबत. मुंबईचे बंदर मात्र भर पावसाळ्यातही उघडे राही. वाऱ्या-लाटांपासून आडोसा असलेले खोल पाणी तिला निसर्गाने दिले आहे, आणि तिच्या भरभराटीचे ते एक मोठे कारण आहे.

उत्तरेकडच्या थंड देशांत बंदराला कुलूप घालतो तो बर्फ. तेथे हिवाळा आला की धक्क्यासमोरचे पाणी घट्ट होते, आत आलेली जहाजे अडकून पडतात आणि बाहेरची बाहेर राहतात. म्हणून ज्या थोड्या बंदरांत हिवाळ्यातही पाणी वाहते राहते त्यांना सोन्याचे मोल येते. त्यांच्यासाठी रेल्वे टाकल्या गेल्या, तह झाले, युद्धेही झाली. अशा बंदरांविषयी, आणि मुळात पाणी गोठते कसे याविषयी, येथे चार गोष्टी सांगण्याचा आमचा विचार आहे.

आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. आमची शाळा सातवीत सुटली; पुढचे जे काही शिक्षण झाले ते गोदीच्या धक्क्यावर आणि वाचनालयाच्या बाकावर. गोदी कामगारांच्या संघटनेत तीस वर्षे वावरताना एक प्रश्न सदैव डोळ्यांपुढे राहिला. जहाज आले नाही, तर त्या दिवशी धक्क्यावरच्या माणसाने खायचे काय? या प्रश्नाचे बोट धरूनच आम्ही या विषयापाशी आलो.

नकाशावरचे कोडे

प्रथम नकाशा उघडून दोन बंदरे पाहू. पहिले मुर्मान्स्क. रशियाच्या अगदी वायव्य टोकाला, सुमारे ६९ उत्तर अक्षांशावर. म्हणजे उत्तर ध्रुववृत्ताच्याही वर. डिसेंबर-जानेवारीत तेथे सुमारे चाळीस दिवस सूर्य उगवत नाही. दुसरे व्लादिवोस्तोक. त्याच रशियाच्या पूर्व टोकाला, प्रशांत महासागराच्या बाजूस, ४३ अक्षांशावर. सावरकरांच्या उडीमुळे मराठी माणसाच्या परिचयाचे झालेले फ्रान्सचे मार्सेल्स बंदर जवळपास याच अक्षांशावर आहे.

आता कोणीही म्हणेल की, ध्रुवाजवळचे मुर्मान्स्क गोठत असेल आणि मार्सेल्सच्या रांगेतले व्लादिवोस्तोक मोकळे राहात असेल. प्रत्यक्षात नेमके उलटे आहे. मुर्मान्स्क हिवाळाभर उघडे असते. कडक थंडीत खाडीच्या दक्षिण टोकाला, जेथे नद्या येऊन मिळतात तेथे, थोडे बर्फ धरते, पण त्याने वाहतूक अडत नाही. व्लादिवोस्तोकच्या उपसागरात मात्र दर हिवाळ्यात बर्फ होते, आणि तेथे जहाजे चालू ठेवायची तर बर्फ फोडणारी बोट लागते. तेव्हा बंदर गोठणे न गोठणे हे केवळ अक्षांशावरून ठरत नाही, हे उघड झाले. मग कशावरून ठरते? याचे उत्तर पाण्याच्या स्वभावात आहे.

पाण्याचा उफराटा स्वभाव

बहुतेक पदार्थ थंड होताना आकसतात आणि गोठल्यावर आणखी जड होतात. पातळ तुपात घट्ट तुपाचा गोळा टाकून पाहावा; तो तळाशी जातो. पाण्यात बर्फाचा खडा टाकला तर तो तरंगतो. आपण हे रोज पाहतो म्हणून त्याचे नवल वाटत नाही, पण ते नवलच आहे. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते. काचेची बाटली काठोकाठ भरून, बूच घट्ट लावून बर्फाच्या कप्प्यात ठेवली तर ती फुटते, ती यामुळेच.

असे का व्हावे? पाण्याचा प्रत्येक रेणू आपल्या शेजाऱ्यांना एका विशिष्ट दिशेने धरू पाहतो. पाणी पातळ असते तेव्हा ही धरपकड क्षणाक्षणाला जुळते आणि सुटते, आणि रेणू एकमेकांना खेटून राहतात. गर्दीच्या लोकलमध्ये माणसे उभी असतात तसे. तीच माणसे फलाटावर उतरून, हात लांब करून, एकमेकांचे हात धरून फेर धरू लागली तर जागा किती जास्त लागेल! बर्फात प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांना असे हात पसरून धरतो. मध्ये पोकळ्या राहतात. म्हणून बर्फ हलके.

गोड्या पाण्याची याहून चमत्कारिक गोष्ट पुढे आहे. ते थंड होत होत ४ अंश सेल्सिअसला पोहोचेपर्यंत इतर पदार्थांप्रमाणे आकसते व जड होते. पण ४ अंशांच्या खाली ते पुन्हा फुगू लागते, हलके होऊ लागते. फेर धरण्याची तयारी गोठण्याआधीच सुरू झालेली असते, असे समजावे.

याचा परिणाम एखाद्या तळ्यावर काय होतो ते पाहू. थंड हवा वरच्या थराची उष्णता ओढून घेते. तो थर जड होऊन खाली बसतो, खालचे कोमट पाणी वर येते, तेही थंड होते, खाली बसते. अशी घुसळण सगळे तळे ४ अंशांवर येईपर्यंत चालते, आणि मग एकदम थांबते. कारण यापुढे थंड होणारा थर हलका होऊन वरच राहतो. आता हवेला सगळे तळे थंड करीत बसण्याची गरज नाही. वरचा पातळ थर तेवढा ० अंशावर आणला की झाले, त्यावर बर्फाची साय धरते. खाली मासे जिवंत असतात. पण वर नाव चालत नाही.

मीठ काय करते

आता समुद्राकडे वळू. हाताने फिरवायचा आइस्क्रीमचा पॉट ज्यांनी पाहिला आहे त्यांना आठवेल की, भोवतीच्या बर्फात खडेमीठ घातल्याशिवाय आतले दूध घट्ट होत नसे. मीठ घातले की बर्फ शून्याच्या खालीही वितळत राहते, आणि त्या अधिक थंड खाऱ्या पाण्यात आतले दूध गोठते. याचा अर्थ खारे पाणी गोठायला शून्याहून खालचे तापमान लागते. महासागराच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि असे पाणी उणे १.९ अंशांच्या आसपास गोठते.

पण दोन अंशांचा हा फरक म्हणजे मिठाची निम्मीच कामगिरी झाली. उणे तीस अंशांची हवा वर असताना दोन अंशांनी कितीसा निभाव लागणार? खरी कामगिरी निराळी आहे. गोडे पाणी ४ अंशांवर सर्वांत जड असते, हे आपण पाहिले. पाण्यात क्षार वाढत गेले की हा आकडा खाली खाली सरकतो, आणि दर किलोस सुमारे २५ ग्रॅमांच्या वर क्षार असले की तो गोठणबिंदूच्याही खाली जातो. म्हणजे महासागराचे पाणी अगदी गोठेपर्यंत जडच होत राहते. तळ्यात जी घुसळण ४ अंशांवर थांबली होती, ती येथे थांबतच नाही. वरचे थंड पाणी खाली जात राहते आणि खालचे कोमट पाणी वर येत राहते. तेव्हा वर बर्फ धरण्यापूर्वी हवेला वरचा पातळ थर थंड करून भागत नाही, घुसळणीत सापडलेला सगळा खोल थर थंड करावा लागतो. पाणी खोल असेल तर त्यात हिवाळा संपून जातो.

म्हणून खाऱ्या आणि खोल पाण्याचे बंदर उशिरा गोठते किंवा गोठतच नाही, आणि गोड्या किंवा उथळ पाण्याचे बंदर लवकर गोठते. नदीच्या मुखावरचे बंदर व्यापाराला सोयीचे खरे, पण नदीचे गोडे पाणी हलके असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर थर करून पसरते आणि तळ्यासारखे वागते.

उष्णतेची शिल्लक

आता हिशेबाची बाजू. गोठण्याच्या बेतात असलेल्या ० अंशाच्या एक ग्रॅम पाण्याचे बर्फ करायचे तर त्यातून सुमारे ८० कॅलरी उष्णता काढून घ्यावी लागते. तेच पाणी ८० अंशांवरून ० अंशापर्यंत आणताना जेवढी उष्णता काढावी लागेल तेवढी ही झाली. पाणी गोठते ते असे पदरची सगळी उष्णता देऊन टाकल्यावर, आणि ती काढून घेणे हे हवेला जड काम आहे.

पहिली साय धरल्यावर हे काम अधिकच जड होते, कारण बर्फ स्वतःच गोधडीसारखे पाण्यावर पसरते आणि खालची उष्णता वर जाऊ देत नाही. याचा नियम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस योसेफ श्टेफान या ऑस्ट्रियातील शास्त्रज्ञाने बांधून दिला. थंडी सारखीच राहिली, तर बर्फाची जाडी दुप्पट व्हायला चौपट काळ लागतो, तिप्पट व्हायला नऊपट. श्टेफानचा बाप पिठाच्या गिरणीत मदतनीस आणि आई मोलकरीण होती, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते. विद्या ही कोणाच्या घरची मिरास नाही.

उष्णतेची ही शिल्लक महासागरात किती असते? एक घनमीटर पाणी एका अंशाने थंड झाले तर त्यातून निघालेल्या उष्णतेने तीन हजारांहून अधिक घनमीटर हवा एका अंशाने तापू शकते. असे कोमट पाणी नदीसारखे वाहात एखाद्या किनाऱ्याला येऊन लागले, तर तो किनारा थंडीपुढे सहज हार खात नाही. मुर्मान्स्कच्या कोड्याचे उत्तर येथे आहे. मेक्सिकोच्या आखाताकडून निघणाऱ्या गल्फ स्ट्रीम प्रवाहाचा विस्तार अटलांटिक ओलांडून नॉर्वेच्या किनाऱ्याने वर चढतो, आणि त्याची एक शाखा उत्तर टोकाला वळसा घालून बॅरेंट्स समुद्रात येते. वाटेत तो पुष्कळ निवतो, पण हिवाळ्यातही त्याचे पाणी गोठणबिंदूच्या काही अंश वर असते. ते खारे आहे, खोल आहे आणि मागून नवे येतच आहे. खर्च करावा तेवढे पुन्हा भरले जाणारे हे खाते आहे. 

व्लादिवोस्तोकची गोष्ट उलटी. हिवाळ्यात आशिया खंडाचा मधला भाग अतिशय थंड पडतो. त्यावरची जड हवा समुद्राकडे वाहू लागते. आपल्याकडे हिमालय आडवा असल्यामुळे या सैबेरियन थंडीचा खरा मार आपल्याला लागत नाही. व्लादिवोस्तोकला असा हिमालय नाही. कोरडा, बोचरा वारा महिनोन् महिने जमिनीवरून समुद्रावर जातो, आणि त्या किनाऱ्याने वाहणारा सागरी प्रवाहही उत्तरेकडून येणारा थंडच आहे. खात्यात जमा काही नाही, उचल तेवढी रोजची. मग अक्षांश मार्सेल्सचा असून उपयोग काय?

हेच जोडीने पाहायचे तर नॉर्वेचे नार्विक आणि स्वीडनचे लुलेओ पाहावे. स्वीडनच्या उत्तर भागात किरुना येथे उत्तम लोखंडाच्या खाणी आहेत. तेथून रेल्वे दोन दिशांना उतरते, एक पश्चिमेस नार्विकला आणि एक आग्नेयेस लुलेओला. नार्विक ६८ अक्षांशाच्या वर, लुलेओ त्याच्या जवळजवळ तीन अंश दक्षिणेस. पण नार्विकच्या फियोर्डचे पाणी अटलांटिकचे, खारे आणि काही ठिकाणी पाचशे मीटरांहून खोल. लुलेओ बाल्टिक समुद्राच्या उत्तर टोकाला आहे. तेथे इतक्या नद्या मिळतात आणि महासागराशी संबंध इतका अरुंद आहे, की एक किलो पाण्यात जेमतेम दोन-चार ग्रॅम क्षार उरतात. नावाला समुद्र, गुणाने तळे. तो भाग दर हिवाळ्यात गोठतो. म्हणून १९०३ साली नार्विकची रेल्वे रीतसर खुली झाली, तेव्हा बर्फाच्या दिवसांतही खाणीतले लोखंड जगाला पोहोचवणारे दार उघडले.

दारासाठी झालेली भांडणे

असे दार ज्याच्या हाती असेल त्याला बळ येते, आणि ज्याच्या हाती नसेल तो ते मिळवू पाहतो. रशियाने १८९८ साली चीनकडून पोर्ट आर्थर हे बंदर पट्ट्याने घेतले ते ते हिवाळ्यात मोकळे राहते म्हणून. सहा वर्षांत त्यावरून जपानशी युद्ध जुंपले आणि १९०५ च्या जानेवारीत ते बंदर जपानच्या हाती गेले. या युद्धात ॲडमिरल मकारोव्ह पाण्यातल्या सुरुंगाने जहाजासह बुडाला. त्यानेच १८९९ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे 'येरमाक' ही बर्फ फोडणारी मोठी बोट बांधवून घेतली होती. गोठलेली बंदरे उघडण्याचा मार्ग दाखविणारा माणूस न गोठणाऱ्या बंदरासाठी झालेल्या लढाईत मेला.

पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानमुळे काळ्या समुद्राचा व जर्मनीमुळे बाल्टिकचा रस्ता रशियाला बंद झाला. उरले श्वेत समुद्रावरचे अर्खांगेल्स्क; ते हिवाळ्यात गोठे. तेव्हा १९१५-१६ या दोन वर्षांत घाईघाईने दलदल, जंगल आणि बर्फ यांतून सुमारे एक हजार किलोमीटर रेल्वे कोला खाडीपर्यंत नेली गेली आणि १९१६ साली तेथे मुर्मान्स्क शहर वसले. ही रेल्वे टाकण्यासाठी राबविलेल्या माणसांत हजारो युद्धकैदी होते, आणि थंडी, उपासमार व रोग यांनी त्यांतले पुष्कळ तेथेच मेले. मुर्मान्स्कचे पाणी निसर्गाने फुकट मोकळे ठेवले असेल. त्या पाण्यापर्यंतचा रस्ता फुकट झाला नाही.

दुसऱ्या महायुद्धात या दोन्ही दारांची किंमत पुन्हा मोजली गेली. १९४० च्या एप्रिलमध्ये जर्मनीने नार्विक घेतले, त्यामागे लोखंडाचा हिशेब होता. १९४१ ते १९४५ या काळात ब्रिटन व अमेरिकेची मदत घेऊन मालवाहू जहाजांचे तांडे अर्खांगेल्स्क आणि मुर्मान्स्कला जात. हिवाळ्यात ध्रुवाकडचे बर्फ दक्षिणेला पसरे आणि जहाजांना शत्रूच्या ताब्यातील नॉर्वेच्या किनाऱ्याजवळून जावे लागे. कोमट प्रवाह कोणाचीच बाजू घेत नाही. तो मुर्मान्स्क उघडे ठेवी, तसे जर्मन युद्धनौका दबा धरून बसत ते फियोर्डही. लाटांचे तुषार डेकवर पडताच गोठत आणि त्या वजनाने जहाज कलंडू नये म्हणून खलाशी कुऱ्हाडींनी बर्फ तोडीत. या मार्गावर ८५ मालवाहू जहाजे बुडाली आणि तीन हजारांवर माणसे मेली.

ब्रिटिश जहाजांवर त्या काळी रत्नागिरीकडचे आपले खलाशीही पुष्कळ असत. गोऱ्या खलाश्यांहून कितीतरी कमी पगारावर त्यांचे करार होत, आणि त्या करारांत थंड अक्षांशांत नेण्यावर मर्यादा असत. ही मर्यादा त्यांच्या संरक्षणासाठी की त्या फेऱ्यांवरचे काम त्यांना मिळू नये यासाठी, हा वाद तेव्हाही होता. थंडीचा आकडा पगाराच्या कागदावर कसा उतरतो, याचा हा आपल्या घरचा दाखला.

बर्फ फोडल्यावर काय होते

निसर्गाने जे दिले नाही ते माणूस कष्टाने मिळवतो. बर्फ फोडणारी बोट करवतीसारखी बर्फ कापते, असा अनेकांचा समज असतो. तिचा पुढचा भाग घसरगुंडीसारखा उतरता असतो. त्यामुळे ती बर्फावर चढते आणि आपल्या वजनाने ते खाली मोडते. फिनलंडची सगळीच बंदरे कडक हिवाळ्यात गोठू शकतात, तरीही १९७० च्या दशकापासून तो देश अशा बोटींच्या बळावर आपली मुख्य बंदरे वर्षभर चालू ठेवतो. काही ठिकाणी पाण्याच्या तळाशी नळ टाकून हवेचे बुडबुडे सोडतात. गोड्या पाण्याच्या तळाशी ४ अंशांचे कोमट पाणी असते, ते बुडबुड्यांबरोबर वर येते आणि धक्क्यालगतचे बर्फ विरते.

पण आम्हांला सर्वांत विचार करायला लावते ते कॅनडाचे उदाहरण. तेथील माँट्रिअल हे मोठे बंदर सेंट लॉरेन्स नदीवर, म्हणजे गोड्या पाण्यावर आहे. डिसेंबरात ते गोठे, एप्रिलच्या सुमारास उघडे. वर्षातल्या पहिल्या जहाजाच्या कप्तानाला सोन्याच्या मुठीची काठी देण्याची प्रथा १८४० पासून तेथे आहे. त्यावरून बंदर उघडण्याची वाट किती आतुरतेने पाहिली जाई ते कळते. मधल्या महिन्यांत देशाचा माल रेल्वेने अटलांटिकच्या काठी सेंट जॉन आणि हॅलिफॅक्सला जाई. सेंट जॉन फंडीच्या उपसागरावर आहे. तेथली भरती-ओहोटी जगात प्रसिद्ध आहे, तिच्या ओढीने पाणी सदैव ढवळलेले असते, आणि पाणी महासागराचे. म्हणून त्याला कॅनडाचे हिवाळी बंदर म्हणत.

या सेंट जॉनच्या गोदी कामगारांनी १८४९ साली आपली संघटना उभारली, दहा तासांचा दिवस मिळविला, आणि काम सुरू होण्याची व सुटण्याची वेळ कळावी म्हणून धक्क्याजवळ स्वतःची घंटा टांगली. मालकाचे घड्याळ पुढेमागे होऊ शकते. कामगारांची घंटा होत नाही. अशा या बंदरात हिवाळा हाच सुगीचा हंगाम होता. माँट्रिअलचा कामगार हिवाळ्यात बसून असे, तेव्हा सेंट जॉनच्या कामगाराला उसंत नसे. उन्हाळ्यात याच्या उलट. एका नदीच्या गोठण्यावर दोन शहरांच्या चुली चालत होत्या.

पुढे बोटींच्या मदतीने नदीचा मार्ग हिवाळ्यातही खुला राहू लागला, आणि १९६४ च्या जानेवारीत 'हेल्गा दान' हे डॅनिश जहाज बर्फातून वाट काढीत माँट्रिअलला लागले. शहराला आनंद झाला आणि तो रास्त होता. वर्षभर काम मिळणे ही माँट्रिअलच्या कामगारांच्या दृष्टीने चांगलीच गोष्ट. परंतु त्याच दिवशी हिवाळी बंदर या शब्दातला अर्थ ओसरू लागला. सेंट जॉनचे पाणी पूर्वीइतकेच खारे होते, भरती पूर्वीइतकीच मोठी होती. निसर्गात काहीही बदलले नव्हते. बदलली होती ती वाहतूक.

यात दोष कोणाचा? बर्फ फोडणाऱ्या बोटीचा निश्चितच नाही. बंदर बंद राहावे अशी इच्छा कोणताही शहाणा कामगार धरणार नाही. पण बर्फ फुटल्याने जी बचत होते तिचा वाटा, ज्याचे काम त्यामुळे गेले त्याला मिळाला पाहिजे, एवढे म्हणण्याचा त्याला हक्क आहे. आपल्याकडे मुंबईच्या गोदीत एके काळी सकाळी तोलीवाला बोट दाखवील त्याला काम, बाकीचे परत, असा प्रकार होता. १९४८ च्या गोदी कामगार कायद्याने पुढे नोंदणी आली, आणि जहाज नसलेल्या दिवशीही हजर राहिलेल्या नोंदलेल्या कामगाराला काही रक्कम मिळण्याची तजवीज झाली. जहाज न येणे हा कामगाराचा अपराध नव्हे, हे कायद्याने मान्य केले. हे मान्य करवून घ्यायला वर्षे लागली होती.

आणि खाडीच्या पलीकडे न्हावा-शेवा येथे १९८९ साली नवे बंदर सुरू झाले, माल पेट्यांतून येऊ लागला, तेव्हा आमच्या डोळ्यांदेखत मुंबईच्या धक्क्यांवरची गर्दी विरळ होत गेली. मुंबईचे पाणी काही गोठले नव्हते. तरीही अनेक घरांतली चूल मंदावली. सेंट जॉनच्या कामगाराची हकीकत आम्ही वाचली तेव्हा ती परक्या देशाची वाटली नाही, याचे कारण हे.

आता तर पृथ्वीच तापत आहे. १९७९ पासून उपग्रहांनी ठेवलेल्या नोंदींत उत्तर ध्रुवाकडील समुद्रावरचे उन्हाळ्यातले बर्फ पुष्कळ घटलेले दिसते. २०१२ च्या सप्टेंबरात ते त्या नोंदींतल्या नीचांकाला पोहोचले. सैबेरियाच्या उत्तरेचा सागरी मार्ग उन्हाळ्यात अधिक काळ खुला राहू लागला आहे. उद्या आणखी काही बंदरांच्या नावापुढे 'न गोठणारे' हे विशेषण लागेल आणि वर्तमानपत्रे त्याचे स्वागत करतील. त्या वेळी वाचकांनी दोन गोष्टी विचाराव्यात. पहिली शास्त्राची : तेथले पाणी किती खारे, किती खोल, प्रवाह कोठून येतो, वारा कोणीकडचा? एवढे कळले की ते बंदर का उघडे आहे हे नकाशा न पाहताही सांगता येईल. दुसरी माणसाची : ते बंदर उघडल्यामुळे काम कोणाला मिळाले, कोणाचे गेले, आणि ज्याचे गेले त्याची नोंद कोणत्या वहीत आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळवायला विज्ञानाला दोनशे वर्षे खपावे लागले. दुसऱ्याचे उत्तर आपोआप मिळेल अशी आशा धरून बसू नये. त्यासाठीही संघटितपणे खपावे लागेल.